Re: पक्षी क्लब नक्की करतात काय?
वर एकाने विचारलंय की क्लबवाले फोटो काढण्यापलीकडे करतात काय, तर थंडीत बडोद्याला या. वढवाणा तलावावर (गायकवाडीत १९१० साली सिंचनासाठी बांधलेला, २०२१ पासून रामसर साईट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) येतात, त्यांची मोजणी म्हणजे जाम कंटाळवाणं काम, फोटोवाले टिकत नाहीत 😀 खरी धावपळ उत्तरायणला, म्हणजे गुजरातच्या पतंगवाल्या संक्रांतीला. मांजा पंखाच्या मुळाशी अडकलेला असतो, तो ओढायचा अजिबात नाही, पक्ष्यावर कापड टाकून लोंबता दोरा कापायचा, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं, चोचीत पाणी ओतायचं नाही आणि सरळ रेस्क्यू सेंटर गाठायचं. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी मिळतोच! सण संपल्यावर झाडांवरचा मांजा काढायला मात्र या, तिथे माणसं कमी पडतात.