अनुभव धागा : ब्रेकलाइटची घरगुती दुरुस्ती

गाडीचा ब्रेकलाइट गेलेला चालकाला दिसत नाही, तो मागच्याला दिसतो, आणि तेही उशिरा. म्हणून ज्यांनी हे काम घरी केले आहे, त्यांनी बिघाड नेमका कसा सापडला ते लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावली आणि ब्रेक दाबला, तेव्हा भिंतीवर एकाच बाजूचा लाल उजेड पडला. दुसऱ्या बाजूच्या बल्बमध्ये टेललाइटची ५ वॅटची तार शाबूत होती, ब्रेकची २१ वॅटची तुटलेली होती. नव्या बल्बच्या खुंट्या कमीजास्त उंचीवर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. जोर लावू नये.

चिपळूण : माझ्या गाडीत नवा बल्ब घालूनही उजेड मंदच होता आणि ब्रेक दाबला की शेजारचा इंडिकेटरही मिणमिणत असे. ही अर्थिंग, म्हणजे दिव्यातली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, खराब झाल्याची खूण आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. होल्डर बाहेर काढला, तर त्याच्या अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट थर चढलेला होता, कारण लाइटचे रबर कडक होऊन पावसाचे पाणी आत झिरपत होते. बॅटरीची ऋण तार सोडवून मी ती पट्टी बारीक पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत घासली आणि रबरही बदलले, कारण ते तसेच ठेवले असते तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा करावे लागले असते.

नाशिक : आमचे उलटे झाले होते. गाडी बंद करूनही ब्रेकलाइट जळतच राहिले आणि सकाळी बॅटरी उतरलेली होती. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे पिवळट तुकडे सापडले, तेव्हा यजमानांनी टॉर्च धरला आणि मी पेडलच्या वर पाहिले. ब्रेकलाइटच्या स्विचची दांडी पेडलवरच्या ज्या बुचावर टेकते, ते बूचच भुगा होऊन पडले होते, त्यामुळे दांडी भोकातून आरपार जात होती आणि ती दाबली न गेल्याने दिवे चालूच राहत होते. नवे बूच बोटाने दाबून बसवले.

पुणे : दोन्ही दिवे एकदम गेले. फ्यूज बदलला, तोही उडाला. जास्त अँपिअरचा घालण्याचा सल्ला मिळाला होता. तो मी मानला नाही, हे बरे झाले. डिकीच्या बिजागरीपाशी तारेचे आवरण घासून तांबे उघडे पडले होते आणि ते पत्र्याला टेकून फ्यूज उडत होता.