पहिला कॅमेरा: पैसे बॉडीवर घालायचे की लेन्सवर?

(ही ऑनलाइन चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

विंगेतून

माझ्या भाचीला कॅमेरा घ्यायचाय. एसवायला आहे, कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये लाइट्स सांभाळते आणि गेलं वर्षभर तालमींचे फोटो फोनवर काढतेय. शिकवण्या घेऊन तिने ५० हजार साठवलेत. दुकानात गेली तर पहिलाच सल्ला मिळाला: नवाकोरा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घे, किट लेन्स (साधी झूम) सोबत येते, बॅग आणि कार्ड आमच्याकडून. घरी येऊन तिने मला फोन केला. मी नेमकं उलटं सांगितलं. ते का, हे इथे लिहिते, कारण दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी मला हेच विचारतं.

माझं म्हणणं: पहिला कॅमेरा घेताना बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) वापरलेली घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत मोठ्या ॲपर्चरची (प्रकाश आत येण्याचं भोक मोठं उघडणारी) एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी, घ्यावी. झूमचं नंतर बघता येतं.

मी पंधरा वर्षं प्रायोगिक नाटकांचे फोटो काढतेय. सुरुवात १८-५५ मिमीच्या किट लेन्सवर झाली (आकडा वाढला की समोरचं जवळ दिसतं). एका एकांकिकेत शेवटच्या प्रवेशाला रंगमंचावर फक्त एक कंदील असायचा आणि आई तो हाताने विझवायची. लेन्स ५५वर नेली की ॲपर्चर एफ ५.६च्या खाली येईना (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००, शटर (उघडं राहण्याचा वेळ) १/३० सेकंद. दोन प्रयोगांत मिळून त्या क्षणाचे तीसेक फोटो काढले, आणि प्रत्येकात आईचे हात म्हणजे पांढरट फराटा. तिसऱ्या प्रयोगाला एका मैत्रिणीची ५० मिमी एफ १.८ मागून घेतली. तोच प्रवेश, तोच आयएसओ, ॲपर्चर एफ २, आणि शटर थेट १/२५०. त्या फोटोत कंदिलाच्या काचेशी गेलेली बोटं दिसतात, नखाकडेला बसलेली काजळी दिसते. कॅमेरा तोच जुना होता. बदलली होती फक्त लेन्स.

एफ ५.६ आणि एफ १.८ यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही. निकॉनचा डी ७२०० हा २०१५चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेलचा. कॉलेजच्या मुलीला याहून जास्त काय लागणार आहे? शिवाय एकाच लेन्सवर हात बसला की डोळा तयार होतो. छायापत्रकार होमाई व्यारावालांनी ज्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यावर इतकं काम केलं त्याला फोटो घेणारी लेन्स एकच होती, आणि तीही न बदलता येणारी.

तिला मी डी ७२०० आणि ५० मिमी एफ १.८ डी सुचवलंय. तुम्हाला काय वाटतं?

मांडवाखाली

विंगेतून ताई, तुमचे नाटकाचे फोटो मी पाहिलेत, हात तयार आहे. पण तुम्ही स्वतः जिथवर पोचलात तिथून सल्ला देताय, ती अजून तिथे नाही.

वीस वर्षं लग्नं करतोय. दर सीझनला दोन-तीन नवी मुलं हाताखाली येतात. त्यांच्या हातात १.८ दिली की पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो. लेन्स पूर्ण उघडी ठेवतात, कारण ती त्यासाठीच घेतलीय असं त्यांना वाटतं. दोन मीटरवरून ५० मिमी, एफ १.८, क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर: फोकसमध्ये येणारी जागा सगळी मिळून ११-१२ सेंटीमीटर. नवरी जरा मागे झुकली की डोळे गेले आणि नथ शार्प. मुलगा घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघतो आणि त्याचा जीव रडकुंडीला येतो. नवा मिररलेस डोळा स्वतः ओळखतो, धरतो आणि सोडत नाही. शिकणाऱ्याला याचा किती आधार असतो ते आपण विसरतो, कारण आपण त्याच्याविना शिकलो.

दुसरं, व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. डीएसएलआरमध्ये (आरशाचा कॅमेरा, डी ७२०० त्यातलाच) फोटो काढल्यावर कळतं की तो काळा आला. मिररलेसमध्ये चाक फिरवतानाच दिसतं. एक्स्पोजर शिकायला याच्यासारखा मास्तर नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. आणि ताई, ५०ची 'डी' लेन्स का सुचवलीत? तिच्यात फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर फिरते. डी ७२००मध्ये मोटर आहे म्हणून चालेल, पण डी ३५०० किंवा डी ५६०० घेतला तर फोकस हाताने करावा लागेल. उद्या ती निकॉनच्याच झेड (मिररलेस) बॉडीवर गेली आणि जुन्या लेन्स बसवायचा एफटीझेड ॲडॅप्टर लावला, तरी हीच गत. म्हणजे ज्या लेन्सवर पैसे घाला म्हणताय, तीच लेन्स पुढे उपयोगाची राहत नाही.

आणि तालमीत डीएसएलआरचा आवाज? आई कंदील विझवतेय, सगळं सभागृह श्वास रोखून बसलंय, आणि पहिल्या रांगेतून खटाक्. तुम्ही पंधरा वर्षांत नेमकं कधी दाबायचं ते शिकलात. तिने कसं सांभाळायचं?

उजनीकाठ

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही दोघं माणसांचेच फोटो काढताय. लेन्स कोणती, हे समोर काय उभं आहे त्यावर ठरतं.

उजनी धरणाकाठच्या भिगवणला हिवाळ्यात होडीतून जा. नावाडी कितीही हळू नेवो, रोहित (फ्लेमिंगो) पक्षी साधारण ५० मीटरच्या आत येऊ देत नाहीत, आणि त्याहून जवळ जाऊही नये. पक्षी जवळजवळ माणसाच्या छातीइतका उंच. ५० मिमीने तो फ्रेमच्या उंचीचा दहावा भागही भरत नाही. ३०० मिमी लावली की फ्रेमची जवळजवळ अर्धी उंची भरतो. तिथे एफ १.८चा काही उपयोग नाही, कारण पहाटेचा अर्धा तास सोडला तर पाण्यावर उजेड भरपूर असतो. माझी पहिली गंभीर लेन्स ७०-३०० होती, वापरलेली, आणि तिने मला पक्ष्यांपर्यंत नेलं. कोणी मला तेव्हा ५० घ्यायला लावली असती तर मी तीन महिन्यांत कॅमेरा कपाटात ठेवला असता.

'सगळ्यांनी आधी प्राइम घ्यावी' असं सरसकट सांगू नका एवढंच म्हणणं आहे.

रविवारची भटकंती

किट लेन्सची बाजू कोणीच घेत नाहीये, म्हणून लिहितोय. कासचं पठार, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, भर उजेडात एफ ८वर १८-५५ने काढलेले माझे फोटो दीड फुटाच्या प्रिंटमध्ये भिंतीवर आहेत. बहुतेक किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असतं, वजन नगण्य असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: १८ला जग कसं दिसतं आणि ५५ला कसं, हे एकाच वस्तूत कळतं. कड्याच्या टोकावर 'पायांनी झूम करा' हा सल्ला मला कोणी देऊ नये.

विंगेतून

उजनीकाठ, मान्य. मी 'सगळ्यांनी' असं म्हणायला नको होतं. माझ्या डोळ्यांसमोर अंधार, माणसं आणि चार भिंती होत्या.

मांडवाखाली, 'डी' लेन्सचा मुद्दा बिनतोड आहे. मी जुन्या सवयीने सुचवली. तीच ५० मिमी एफ १.८ 'जी' घेतली तर मोटर लेन्समध्येच असते, डी ३५००वरही चालते आणि ॲडॅप्टरवरही. हे भाचीला आजच सांगते.

पण डोळा ओळखणाऱ्या फोकसबद्दल माझं मत तसंच आहे. नाटकात नट अर्धा वेळ पाठमोरा असतो, तोंडावर आडवा प्रकाश असतो, दाढी-मिशा लावलेल्या असतात. कुठे फोकस करायचा हे कॅमेऱ्याने ठरवलं तर तो समोरचा उजळ चेहरा धरतो, आणि नाटक मागच्या अंधारात उभ्या माणसाचं असतं. तो माणूस निवडायला शिकणं हेच तिचं काम आहे. आणि तुमची मुलं लेन्स पूर्ण उघडी ठेवतात हा लेन्सचा दोष कसा? एफ २.८वर आणा म्हणावं. किट लेन्सला तिथे जाताच येत नाही, हिला दोन्ही येतं.

आवाजाचं मात्र खरं आहे. डी ७२००मध्ये क्वाएट मोड आहे, तरी शांततेत ऐकू जातो. फक्त एक सांगते. मिररलेसचा सायलेंट शटर एलईडी दिव्यांखाली बऱ्याचदा आडव्या पट्ट्या आणतो, आणि आता बहुतेक रंगमंचांवर एलईडीच असतात. त्यामुळे तो पर्यायही बिनधोक नाही.

दमट हवा

रत्नागिरीहून लिहितेय. वापरलेलं घ्या म्हणणाऱ्यांनी फंगसचं (काचेवरच्या बुरशीचं) नाव काढलेलं नाही, आणि आमच्याकडे खरा प्रश्न तोच आहे.

मी तीन वर्षांपूर्वी एक वापरलेली पोर्ट्रेट लेन्स घेतली. विकणारा म्हणाला, एकदम क्लीन. वरून पाहिली, चकचकीत. पहिल्या पावसानंतर उजेडाकडे धरून काढलेले सगळे फोटो धुकट यायला लागले. दुरुस्तीवाल्याने टॉर्च मारून दाखवलं: आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. साफ केली, पण फंगसने कोटिंग खाल्लं होतं, तो डाग आजही आहे.

म्हणून लेन्स बघायला जाताना फोनचा टॉर्च पुरतो. ॲपर्चर पूर्ण उघडा, दोन्ही टोपणं काढा, माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या) बाजूने तिरका प्रकाश टाका आणि पुढून बघा. मग उलट बाजूने तसंच. थोडी धूळ असली तरी चालते. तंतू किंवा दुधट पापुद्रा दिसला तर किंमत निम्मी केली तरी नको म्हणा. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा आहे का तेही बघा.

घरी आणल्यावर चामड्याच्या पाऊचमध्ये आणि कपाटात ठेवू नका. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायची. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. (ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका.) जुलैत मला हे दर दहा दिवसांनी करावं लागतं. ५० हजारांतले थोडे पैसे या डब्यासाठी बाजूला काढायला सांगा तिला.

मांडवाखाली

दमट हवा, हे प्रत्येक पहिल्या कॅमेऱ्यासोबत द्यायला हवं.

विंगेतून ताई, दोन्ही बाजू सांभाळणारा एक रस्ता सुचवतो. बॉडी वापरलेली घ्या, पण मिररलेस. सोनीचा ई माउंट २०१०पासून आहे आणि आजही त्याच माउंटच्या नव्या लेन्स येतायत. ए ६३०० हा २०१६चा, २४ मेगापिक्सेल, सायलेंट शटर आहे, डोळ्यावर फोकस धरतो. जोडीला वापरलेली प्राइम. बजेटच्या आसपास बसावं. बॅटरी लवकर संपते, एक जादा लागेल.

आणि विकत घेण्याआधी कोणाची तरी लेन्स घेऊन तिला आठवडाभर फोटो काढू द्या. भाड्यानेही मिळते.

विंगेतून

दहा दिवसांनी परत आलेय.

मांडवाखाली यांचं ऐकून मी भाचीला माझी बॉडी आणि १८-१४०ची लेन्स दोन तालमींसाठी दिली. अट एकच: मनासारखं काढ, मग ठेवावेसे वाटणारे फोटो वेगळे कर. एकूण २१२ फोटो निघाले, तिने ४१ ठेवले. मग आम्ही बसून प्रत्येक फोटोची फोकल लेंथ (लेन्स किती मिमीवर होती ते) बघितली. ४१पैकी २७ फोटो २८ ते ४०च्या दरम्यान होते. ५०च्या वर सहा.

मी ५० मिमीचा हट्ट धरून बसले होते. तालमीची खोली मी पाहिली नव्हती. ती मोकळ्या वर्गात बाकं भिंतीला लावून चालते, भाची जेमतेम चार मीटरवर उभी असते. क्रॉप सेन्सरवर ५०ने तिथून दोन मीटरसुद्धा रुंदी येत नाही, दोन नट खांद्याला खांदा लावून उभे राहिले की फ्रेम संपली. मला ५० भावली कारण मी नाट्यगृहात पाचव्या-सहाव्या रांगेत बसते. तिला ३०-३५ हवीय.

दुसऱ्या तालमीत दिग्दर्शकाने हात वर करून तिला थांबवलं. शटरचा आवाज. त्यामुळे डी ७२०० बाद. वर्गातल्या ट्यूबखाली सायलेंट शटरला पट्ट्या येतात का, हे घेण्याआधी तिथेच तपासायचं ठरलंय.

पण झूम ती घेणार नाही, हे तिनेच सांगितलं. ठेवलेल्या ४१पैकी अकरा फोटोंत हात हलल्याचा फराटा आहे. ते तिला टाकवतही नाहीत आणि कोणाला दाखवतही नाहीत. १८-१४० तिथे एफ ४.५च्या आसपासच अडकते.

ए ६३०० आणि सिग्माची ३० मिमी एफ १.४, दोन्ही वापरलेले, एकाच माणसाकडे मिळतायत. शनिवारी बघायला बोलावलंय. भाचीने टॉर्चचे सेल बदललेत आणि दमट हवा यांचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय.