पावसाळ्यात घरातील मॉन्स्टेराची पाने पिवळी पडत आहेत

प्रश्न (फोंडा)

आमच्या सदनिकेत, पश्चिमेकडील खिडकीपासून बरेच आत, चिनी मातीच्या कुंडीत मॉन्स्टेराचे, म्हणजे मोठ्या, छेद असलेल्या पानांच्या शोभेच्या वेलीचे रोप आहे. उन्हाळाभर ते चांगले वाढले. परंतु मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून खालची पाने एकामागून एक पिवळी पडत असून त्यांच्या कडांवर काळपट डाग पसरत आहेत. माती ओलीच असते, तरीही पाने पाणी न मिळाल्यासारखी मलूल दिसतात आणि कुंडीभोवती बारीक चिलटे घोंघावतात. शेवटचे नवे पान तर अखंडच उमलले, त्याला एकही छेद नाही. खत कमी पडत असेल का? घरातील मांजर ही पाने चघळू पाहते, त्याबद्दलही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (डिचोली)

खत तूर्त मुळीच घालू नका. माती ओली असताना पाने मलूल होणे आणि जोडीला चिलटे दिसणे, ही मुळे कुजू लागल्याची लक्षणे आहेत. मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते; मातीतील पोकळ्या दिवसच्या दिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की ती मिळत नाही, मुळे गुदमरतात आणि पिथियमसारखे बुरशीसदृश रोगजंतू त्यांत शिरतात. कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून ओल्या कुंडीतही झाड तहानलेलेच राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मातीतील ओल उडतच नाही, शिवाय आभाळ भरलेले असल्याने घरातील उजेड घटतो आणि झाड पाणी कमी ओढते; त्यामुळे मे महिन्यात योग्य असलेले पाण्याचे माप जुलैत घातक ठरते. चिनी मातीच्या कुंडीतून बाजूने ओल झिरपत नाही, हेही एक कारण आहे.

रोप कुंडीतून अलगद काढून मुळे धुऊन पाहावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले तपकिरी व मऊ असते, त्याला नासका वास येतो आणि बोटांत धरून ओढल्यास साल सुटून हातात येते व आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरतो. असा सर्व भाग स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाकावा. नव्या मिश्रणात निम्मे सोडणांचे, म्हणजे नारळाच्या काथ्याळ सालींचे, तुकडे आणि उरलेल्यात बागेची माती, विटांचे बारीक तुकडे व थोडा लाकडी कोळसा घ्यावा. सोडणे मात्र गोड्या पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून मगच वापरावीत. त्यांतील क्षार मुळांना बाधतात. कुंडी साध्या भाजक्या मातीची, तळाला भोक असलेली आणि मुळांच्या मानाने फार मोठी नसलेली असावी. त्यानंतर बोट दोन पेरे मातीत घालून ओल लागत नसेल तरच पाणी द्यावे. तळच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूच्या डासांना तेवढे पुरते.

उत्तर (मडगाव)

छेदांविषयी लिहितो. मॉन्स्टेरा डेलिसिओसा ही दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतील वेल आहे आणि ती मोठ्या झाडांच्या खोडांना धरून उजेडाकडे चढते. आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवर चढणारी मिरवेल डोळ्यांपुढे आणली की तिची गरज कळते. कोवळ्या वयात आणि कमी उजेडात तिला अखंड पाने येतात. छेद पान कळीत असतानाच तयार होतात, त्यामुळे उमललेले अखंड पान पुढे फाटेल अशी वाट पाहू नये. काथ्या गुंडाळलेला खांब रोवून हवाई मुळे त्याला टेकवावीत आणि कुंडी खिडकीजवळ न्यावी. पावसाळा सरल्यावर मात्र पश्चिमेचे थेट ऊन पाने करपवते, तेव्हा मध्ये पातळ पडदा हवा.

मांजराला दूर ठेवणेच बरे. ही वेल अळूच्या कुळातली आहे आणि कच्च्या अळूने घसा खाजवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच हिच्या पानांतही असतात. मांजराला तोंडाची जळजळ, लाळ गळणे व उलटी असा त्रास होतो. तसे दिसल्यास पशुवैद्यांना दाखवावे.

प्रश्नकर्ता (फोंडा)

दोघांचेही आभार. मुळे पाहिली; बहुतेक सगळी तपकिरी आणि मऊ झाली आहेत. शेंड्याकडचा भाग हिरवा व घट्ट आहे. तेवढा तरी वाचवता येईल का?

उत्तर (डिचोली)

येईल. खोडाचा निदान एक पेर (पान फुटते तो सांधा) आणि शक्य तर त्यावरचे हवाई मूळ येईल असा तुकडा निरोगी भागातून कापा. नुसते पान देठासह पाण्यात ठेवल्यास त्यातून नवे रोप होत नाही. कापलेले टोक दिवसभर सावलीत सुकू द्या, मग पेर बुडेल एवढ्याच पाण्यात ठेवून पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. नवी मुळे बोटभर लांब झाली की वर सांगितलेल्या मिश्रणात लावा आणि नवे पान येईपर्यंत खत देऊ नका.