मदत हवी आहे: एकच शोध तीन ठिकाणी टाकला, तीन तऱ्हेची उत्तरं आली. दोनच दिवस उरलेत

तिसरंवर्ष
नमस्कार. जरा घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. आमच्या कॉलेजात पैसे भरून घ्यायचे डेटाबेस (संशोधन पेपर शोधायच्या मोठ्या सूची) नाहीत, म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात फी भरून आठ दिवसांचं सभासदत्व घेतलं. सहा दिवस संपले. तोच शोध एके ठिकाणी टाकला की मोजकेच पेपर येतात, दुसरीकडे हजारोंनी येतात, तिसरीकडे भलत्याच आजारांचे येतात. ओळ तीच, एक अक्षर बदललेलं नाही. सहा दिवस पेपर उघडून बघण्यातच गेले. शोध बरोबर कसा करायचा? कृपया 'गाइडला विचारा' असं सांगू नका, विचारून झालंय.

सुपारीबाग
कुठला विषय? कुठले डेटाबेस?

कोर्टाची_पायरी
मी वकील आहे, पण दुखणं ओळखीचं वाटलं. मनुपात्रा आणि एससीसी ऑनलाइन हे निवाड्यांचे डेटाबेस रोज वापरतो. माझा अनुभव असा की शब्द टाकत बसू नका. एक चांगला निवाडा शोधा, मग त्याला पुढे कोणी आधार म्हणून घेतलं ते बघत जा. एकातून दुसरा मिळत जातो. आमच्याकडे तर नंतर तो निवाडा रद्दबातल झाला का हेही बघावंच लागतं, नाहीतर भर कोर्टात फजिती होते.

तिसरंवर्ष
@सुपारीबाग विषय सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार). डेटाबेस स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि पबमेड.
@कोर्टाची_पायरी धन्यवाद, पण मला एक चांगला पेपर नकोय, सगळे हवेत. पद्धतशीर आढावा आहे.

अन्वय_पुणे
पबमेड फुकट आहे, त्यासाठी ग्रंथालयाच्या खुर्चीत बसू नका. घरून करा. तिथला वेळ फक्त बाकीच्या दोघांना द्या.

स्मार्टशोध
एवढा त्रास कशाला घेताय? एआयला विषय सांगा, पाच मिनिटांत पन्नास संदर्भ देतो. मी असाइनमेंटला तेच करतो.

ग्रंथपाल_निवृत्त
@स्मार्टशोध असाइनमेंट आणि प्रबंध यांत फरक आहे. अशा यादीतले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, पेपर मात्र कोणी लिहिलेलाच नाही. आणि पद्धतशीर आढाव्यात दुसऱ्याने तोच शोध लावला तर तेच निकाल यायला हवेत.

@तिसरंवर्ष 'ओळ तीच' म्हणता, पण ओळ दाखवत नाही. जशीच्या तशी इथे टाका. 'सिकल सेल' एवढ्यावर काहीच सांगता येणार नाही. सिकल सेलचं नेमकं काय?

स्मार्टशोध
सर, आता नवीन साधनं खरे संदर्भ देतात. तुम्ही बहुतेक जुनी बघितलीत.

ग्रंथपाल_निवृत्त
खरे देत असतील. सगळे देतात का, हा प्रश्न आहे.

तिसरंवर्ष
ही घ्या ओळ. टाइप इंग्रजीतच केली होती, इथे देवनागरीत लिहितोय:

"सिकल सेल डिसीज" ऑर "सिकल सेल अ‍ॅनिमिया" अँड हायड्रॉक्सीयुरिया ऑर हायड्रॉक्सीकार्बामाइड अँड अ‍ॅडहिअरन्स ऑर कम्प्लायन्स अँड इंडिया

प्रश्न असा: भारतातले सिकल सेलचे रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया हे औषध (दुसरं नाव हायड्रॉक्सीकार्बामाइड) नियमित घेतात का, आणि घेत नसतील तर का नाही. स्कोपसमध्ये मोजके आले. वेब ऑफ सायन्समध्ये हजारो, त्यात अमेरिका, ब्राझील, नायजेरिया, सगळं. पबमेडमध्ये तर क्षयरोग आणि मधुमेह येतोय. क्षयरोग कुठून आला?

अन्वय_पुणे
कंस कुठे आहेत??

तिसरंवर्ष
कंस लागतात का? स्कोपसमध्ये तर कंसाशिवाय बरोबर आले.

अन्वय_पुणे
तिथेच तर गंमत आहे. 'ऑर' म्हणजे यातला कुठलाही शब्द चालेल, 'अँड' म्हणजे दोन्ही हवेत. कंस नसले की कुठला शब्द आधी जोडायचा हे प्रत्येक डेटाबेस आपापल्या नियमाने ठरवतो.

स्कोपस 'ऑर' आधी सोडवतो, 'अँड' नंतर. त्यामुळे तुमचे गट आपोआप नीट पडले.

वेब ऑफ सायन्स उलटा, 'अँड' आधी. म्हणजे त्याने वाचलं असं: 'सिकल सेल डिसीज' असलेला कुठलाही पेपर चालेल, किंवा अ‍ॅनिमिया आणि हायड्रॉक्सीयुरिया एकत्र असलेला, किंवा हायड्रॉक्सीकार्बामाइड आणि अ‍ॅडहिअरन्स, किंवा कम्प्लायन्स आणि इंडिया. पहिल्याच तुकड्यात जगभरचा सिकल सेल आत आला.

पबमेड डावीकडून उजवीकडे जातो. शेवटाकडे 'ऑर कम्प्लायन्स अँड इंडिया' आहे. तिथपर्यंत जमलेल्या ढिगात कम्प्लायन्सवरचे सगळे पेपर ओतले गेले आणि मग फक्त इंडियाची चाळणी लागली. भारतात औषध नियमित घेण्यावर भरपूर कशाबद्दल लिहिलं जातं? क्षयरोग. तो तिथून आला.

तिसरंवर्ष
सहा दिवस!! हे कोणी सांगितलंच नाही. मला वाटत होतं डेटाबेसच बिघडलाय. आता कंस टाकले की झालं ना?

ग्रंथपाल_निवृत्त
नाही झालं. कंसांनी फाफटपसारा जाईल. तुमच्या ओळीत जे शब्दच नाहीत ते पेपर मात्र अजून बाहेरच राहतील. स्कोपसचे 'मोजके' बरोबर आहेत असं तुम्ही धरून चाललात, मला ते फार कमी वाटतात. अ‍ॅनिमियाचं फक्त अमेरिकन स्पेलिंग घातलंय का? आपल्याकडचे बरेच लेखक ब्रिटिश स्पेलिंग लिहितात. डेटाबेस समजून घेईल या भरवशावर राहू नका, दोन्ही घाला. शिवाय नुसतं 'सिकल सेल' अवतरणात घातलंत तर डिसीज, अ‍ॅनिमिया, डिसऑर्डर सगळं त्यात येतं. 'हिमोग्लोबिन एस' वेगळं घाला.

माझ्या पिढीतली एक सवय सांगतो, उपयोगी पडेल. १९७२ पासून डायलॉग नावाची सेवा पैसे घेऊन शोध करून देऊ लागली. आपल्याकडे मी नव्वदच्या दशकात मोडेमवरून ती वापरली आहे. जोडणीच्या मिनिटागणिक पैसे. त्यामुळे शोध आधी कागदावर पूर्ण लिहायचा आणि मगच फोन लावायचा. एक कल्पना, एक रकाना. आजाराचा रकाना, औषधाचा, नियमितपणाचा. रकान्याच्या आत 'ऑर', दोन रकान्यांमध्ये 'अँड'. प्रत्येक रकाना वेगळी ओळ म्हणून चालवायचा, आकडा बघायचा, आणि शेवटी शोध-इतिहासातून एक आणि दोन आणि तीन असं जोडायचं. तिन्ही डेटाबेसमध्ये ही सोय आहे. कुठला रकाना फुगलाय, कुठला उपाशी आहे ते लगेच दिसतं.

रश्मी_के
नुसत्या 'सिकल सेल'मध्ये 'सिकल सेल ट्रेट', म्हणजे स्वतः आजारी नसलेले वाहकही येतात. ते येऊ द्या. पबमेडच्या विषयशीर्षकांत (ठरवून दिलेल्या विषयांच्या यादीत) ते सिकल सेल अ‍ॅनिमियाच्या पोटातच येतं.

डॉ_चांदा
ट्रेट कशाला? वाहकाला हायड्रॉक्सीयुरिया देतच नाहीत. आमच्या विदर्भात लोक वाहकाला एएस पॅटर्न आणि रुग्णाला एसएस पॅटर्न म्हणतात. गोळी एसएसवाल्याला, एएसवाल्याला नाही. प्रश्न औषधाचा आहे, तपासणीचा नाही.

रश्मी_के
औषधाचा रकाना 'अँड'ने जोडलाच आहे, त्यामुळे ट्रेट आत आलं तरी नुकसान काहीच नाही. ज्या पेपरांत दोन्ही गट एकत्र आहेत ते निसटणार नाहीत.

डॉ_चांदा
बरं, ते मान्य.

सदाफुली
ज्यांना सिकल सेलची माहिती हवी त्यांच्यासाठी: राष्ट्रीय निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे, ० ते ४० वयोगट. लग्नाआधी दोघांनीही तपासणी जरूर करून घ्या.

कोर्टाची_पायरी
@सदाफुली हे मला माहीत नव्हतं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते का?

सदाफुली
हो, ज्या जिल्ह्यांत अभियान आहे तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

मोहन_वि
'इंडिया' शब्दाऐवजी स्कोपसमध्ये लेखकांच्या देशाची चाळणी लावा. एका झटक्यात भारतातले पेपर मिळतात. मी नेहमी तेच करतो.

अन्वय_पुणे
@मोहन_वि चुकीचं आहे. ती चाळणी लेखकाची संस्था कुठली ते बघते, रुग्ण कुठले ते नाही. भारतीय लेखकाचा आखाती देशातला अभ्यास आत येईल आणि परदेशी गटाने ओडिशात केलेला बाहेर राहील.

मोहन_वि
असे किती असतात? मला तीन वर्षांत कधी अडचण आली नाही.

अन्वय_पुणे
बाहेर राहिलेला पेपर अडचण बनून समोर येत नसतो, म्हणून आली नसेल. आणि कोणी 'इंडिया'च्या शेवटी तारा (*), म्हणजे पुढे कुठलीही अक्षरं चालतील अशी खूण, लावायला सांगितलं तर ऐकू नका. इंडियन मिळवायला जाल आणि इंडियाना, इंडियानापोलिस घेऊन याल. तिथेही सिकल सेलवर काम चालतं. 'ऑल फील्ड्स' (सगळीकडे शोधा) हा पर्यायही नको. स्कोपसमध्ये त्यात पेपरच्या शेवटची संदर्भसूचीसुद्धा शोधली जाते. शीर्षक, सारांश, कीवर्ड एवढंच ठेवा.

झाडीपट्टी
मी आरोग्य विभागात गावपातळीवर काम करते. डेटाबेस वगैरे मला समजत नाही, पण धागा पूर्ण वाचला. तुमचा शब्द 'अ‍ॅडहिअरन्स' आहे. आमच्याकडे गोळी थांबते ती बाई किंवा पोरगा घ्यायचं विसरला म्हणून नाही थांबत. तालुक्याला यायला बस एकच, दिवसभराची मजुरी जाते, वर रक्त तपासल्याशिवाय पुढची गोळी देत नाहीत. ते बरोबरच आहे, तपासलंच पाहिजे. पण दोनदा तसंच परत जावं लागलं की माणूस तिसऱ्यांदा येत नाही. काहींना कोणीतरी सांगितलेलं असतं की ही कॅन्सरची गोळी आहे, मग ते भीतीने सोडतात. हे सगळं लिहिणारे लोक 'अ‍ॅडहिअरन्स' हाच शब्द लिहीत असतील का? मला नाही वाटत.

ग्रंथपाल_निवृत्त
झाडीपट्टीताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे.

@तिसरंवर्ष तिसरा रकाना आता याच्यावरून भरा. अ‍ॅडहिअरन्स, कम्प्लायन्स, पर्सिस्टन्स, डिसकंटिन्युएशन, ड्रॉपआउट, डिफॉल्ट, लॉस्ट टू फॉलोअप. मग बॅरिअर, अ‍ॅक्सेस, अ‍ॅव्हेलेबिलिटी, परसेप्शन, फिअर. शब्द डेटाबेसमधून येत नाहीत, रुग्णाच्या अडचणीतून येतात. नुसता 'अ‍ॅक्सेस' फार फुगेल असं वाटलं तर 'अँड'ऐवजी जवळिकीचा ऑपरेटर वापरा. स्कोपसमध्ये 'डब्ल्यू' तिरकी रेघ आणि आकडा, वेब ऑफ सायन्समध्ये 'निअर' तिरकी रेघ आणि आकडा. अ‍ॅक्सेस आणि हायड्रॉक्सीयुरिया पाच शब्दांच्या आत, असं.

'इंडिया'चा रकाना मी काढूनच टाकेन. सारांशात नुसतं गडचिरोली, नंदुरबार, कोरापुट किंवा ट्रायबल लिहिलेलं असतं, इंडिया नसतंच. तीन रकाने जोडून येणारा ढीग हाताने चाळण्याइतकाच असेल.

तिसरंवर्ष
पण मग सगळ्या जगाचे पेपर चाळायचे? उद्या संध्याकाळी सहाला माझं सभासदत्व संपतंय. एवढे वाचून कसे होतील?

ग्रंथपाल_निवृत्त
तिथे बसून वाचू नका. एकही पेपर उघडू नका. उद्या फक्त शोधा आणि उतरवून घ्या. निर्यात करताना आरआयएस (संदर्भांच्या नोंदींची फाइल) हे स्वरूप निवडा आणि सारांशाच्या चौकटीत खूण करायला विसरू नका, नाहीतर नुसती शीर्षकं हाती येतील आणि परत फी भरावी लागेल. एकदा उतरवलेली नोंद तुमचीच. झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून दुबार आलेल्या नोंदी काढून टाका, चाळणी घरी करा.

प्रत्येक शोधाची पूर्ण ओळ, तारीख, डेटाबेसचं नाव आणि आलेला आकडा, याचं छायाचित्र काढून ठेवा. प्रबंधात ते द्यावं लागतं, आणि सभासदत्व संपल्यावर ते पडदे परत बघायला मिळणार नाहीत.

रश्मी_के
पूर्ण पेपर वाचायला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आहे. कॉलेज सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची नियतकालिकं मिळतात. धागाकर्ते, तुमचं कॉलेज सरकारी की खासगी?

तिसरंवर्ष
सरकारी. ते आहे आमच्याकडे. मला वाटलं त्यातच स्कोपसही येईल, पण नाही आलं.

रश्मी_के
ती नियतकालिकं वाचायची सोय आहे. शोधाचे डेटाबेस वेगळे.

मोहन_वि
गूगल स्कॉलर कोणी सुचवलंच नाही. फुकट आहे.

अन्वय_पुणे
जोडीला घ्या, पण मुख्य म्हणून नको. कितीही लाख निकाल दाखवले तरी पहिल्या १००० च्या पुढे जाताच येत नाही.

कोर्टाची_पायरी
मी वर जे म्हटलं होतं ते अजूनही सोडू नका. ज्यांच्याशिवाय तुमचा आढावा अपुरा राहील असे काही पेपर तुम्हाला आधीपासून माहीत असतीलच. ते तुमच्या शोधात सापडतात का? आम्ही तसं करतो. माहीत असलेला निवाडा सापडला नाही, तर शब्द चुकलेत.

ग्रंथपाल_निवृत्त
वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं. मीच हे आधी सांगायला हवं होतं. गाइडकडून दहा पेपर घ्या.

तिसरंवर्ष
(दुसऱ्या दिवशी)
गाइडनी रात्रीच दहा पेपर पाठवले. जुनी ओळ कंस घालून चालवली, तर दहातले फक्त चार आले. म्हणजे कालपर्यंत ज्याला मी 'बरोबर' म्हणत होतो त्यातून सहा पेपर निसटत होते. तीन रकाने नव्याने लिहिले, इंडिया काढलं, तर नऊ आले. दहावा उघडून बघितला. त्याच्या सारांशात हायड्रॉक्सीयुरिया हा शब्दच नाही, 'डिसीज मॉडिफाइंग थेरपी' लिहिलंय. तेही घातलं, आला.

झाडीपट्टीताई, तुमच्या 'कॅन्सरची गोळी'वरून भीतीचे शब्द घातले, त्यातून दोन पेपर मिळाले जे गाइडनाही माहीत नव्हते. मनापासून आभार.

स्कोपसचं सगळं सारांशासकट उतरवून झालं. वेब ऑफ सायन्स एका वेळी ठरावीक नोंदीच देतो, तीन तुकडे करावे लागले. आता पावणेसहा झालेत, शेवटचा तुकडा उतरतोय. पबमेड रात्री घरून करतो.

सुपारीबाग
माझ्या बहिणीलाही असंच करायचंय, पण तिचा विषय मराठी लोकसाहित्य आहे. तिने कुठला डेटाबेस घ्यावा?

ग्रंथपाल_निवृत्त
त्यासाठी नवा धागा काढा. आणि त्यात आधी लिहा: लोकसाहित्याचं नेमकं काय?