परसातल्या चार झाडांना औषध कुठलं आणि पंप केवढा? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. घरामागं थोडी मोकळी जागा आहे. तिथं एक कागदी लिंबू, एक भगवा जातीचं डाळिंब, केसर आंब्याचं एक कलम आणि कुंपणाला लागून सीताफळ. रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा तिथंच होतो. या सप्टेंबरात पाऊस लागून राहिला आणि झाडांची कळाच गेली.

लिंबाच्या पानांवर, फांद्यांवर आणि आता फळांवरही तपकिरी खरबरीत फोड आलेत. बोट फिरवलं तर टोचतात, भोवती पिवळं वलय आहे. डाळिंबाच्या पानांवर आणि फळांवर तेल सांडल्यासारखे काळपट डाग, दोन फळं तर डागावरच इंग्रजी वाय अक्षरासारखी उकललीत. सीताफळाची पानं काजळी धरल्यासारखी काळी, आणि फळाच्या डोळ्याडोळ्यांत पांढरा कापूस. आंबा सध्या ठीक दिसतोय, पण गेल्या गड्ड्याच्या जत्रेवेळी, म्हणजे जानेवारीत, मोहोरावर पांढरी पावडर आली आणि सगळा मोहोर वाळून गळाला.

पानं घेऊन एका दुकानात गेलो होतो. त्यांनी पानांकडं बघितलंही नाही. साफ नावाच्या औषधाचा पुडा, स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या, हेक्झाकोनॅझोलची बाटली आणि वर एक टॉनिक काउंटरवर मांडलं, "सगळं एकत्र करून मारा" म्हणाले. मी विचार करून येतो म्हणून निघालो.

दुसरा प्रश्न पंपाचा. शेजारी म्हणतात १६ लिटरचा बॅटरी पंप घ्या, एकदाच काय ते. माझा मणका जरा नाजूक आहे. पाच लिटरचा हातानं हवा भरायचा पंप चार झाडांना पुरेल का? आंबा घराच्या पहिल्या मजल्याला टेकलाय. आणि पाणी बोअरचंच वापरावं लागणार. नळ कधी चार दिवसांनी, कधी पाच, ते पाणी फवारणीत घालवायची हिंमत नाही.

बार्शी रोड

काय टेन्शन घेऊलालाव ओ काका. साफ दोन ग्रॅम लिटरला, त्यात स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं), सगळ्यावर मारून टाका. पंप १६ लिटरचा डबल मोटारवाला घ्या. माझ्याकडं द्राक्षाच्या कडेच्या ओळींना तोच आहे, लई भारी चालतो.

काउंटरवरून

काका, आमचं औषधांचंच दुकान आहे आणि काउंटरवर मी असते. नाव सांगत नाही, इथं जाहिरात नको. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींत बुरशीची एकच आहे, आणि ती आत्ता तुमच्या झाडावर नाहीये.

लिंबावर आहे तो खैऱ्या. डाळिंबावर आहे तो तेल्या. दोन्ही रोग जिवाणूंचे. सीताफळावर पिठ्या ढेकूण आहे, म्हणजे कीड. आंब्यावरची भुरी तेवढी खरी बुरशी, पण ती मोहोराला येते, तिला अजून तीन-चार महिने आहेत. मग आत्ता साफ मारायचं कशावर? त्यात कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मँकोझेब ६३ टक्के, दोन्ही बुरशीनाशकं. जिवाणूला त्याचं सोयरसुतक नाही. हेक्झाकोनॅझोलचंही तेच. स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणूवरचं आहे हे खरं, पण त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयरोगाला वापरतात. ते परसात मारायचं आणि त्याच झाडाचं लिंबू वरणावर पिळायचं, हे मला पटत नाही. चार झाडांसाठी कुणी मागितलं तर मी देत नाही. गिऱ्हाईक जाईना का पुढच्या दुकानात.

आता लिंबू. आधी औषध नाही, कात्री. फोड आलेल्या बारीक फांद्या कोरड्या दिवशी कापा, खाली पडलेली पानं गोळा करा आणि घराबाहेर जाऊ द्या, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम. बाजारात ब्लायटॉक्स म्हणून मिळतं, दुसऱ्या कंपन्यांचंही तेच असतं, नावावर जाऊ नका, डब्यावर ५० टक्के लिहिलंय का बघा. तांबं दुकानात बुरशीनाशकांच्याच फळीवर असतं, पण जिवाणूलाही अडवतं. अडवतं म्हणतेय, बरं करतं म्हणत नाही. आलेला फोड जाणार नाही, नव्या पालवीवर येणार नाही एवढंच. म्हणून पालवी फुटली की मारायचं, आणि पाऊस चालू असेल तर पंधरा-वीस दिवसांनी परत. त्या कोवळ्या पानांवर चांदीसारखी नागमोडी रेघ दिसते का तेही बघा. ती नागअळी. तिनं पोखरलेल्या जागेतून खैऱ्या आत शिरतो. नागअळी सोडून नुसतं तांबं मारत बसलात तर पैसे वाया.

खरं तर कागदी लिंबू या रोगाला फारच लवकर बळी पडतो. पुढं कधी झाड बदलायची वेळ आली तर राहुरी विद्यापीठाचं साई शरबती लावा, ते खैऱ्याला बरंच सोसतं.

आंब्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक, ८० टक्केवालं, लिटरला दोन ग्रॅम. मोहोराचे तुरे बाहेर पडले की फुलं उमलायच्या आधी पहिला हात. पूर्ण फुलोऱ्यात मारू नका, माश्या मेल्या तर फळ धरणार कोण? गंधकाची एक खोड आहे, उन्हात पानं जाळतं. आपल्याकडं फेब्रुवारी सरता सरता पारा पस्तिशीला टेकतो, त्यामुळं उशिरा मोहोर आला तर गंधक नको, तिथं हेक्झाकोनॅझोल चालेल. गंधक आणि निंबोळी तेल एकत्र करू नका, आणि पाठोपाठही नको, मध्ये पंधरवडा जाऊ द्या. मोहोरावर तुडतुडे असतील तर ते वेगळं प्रकरण, तेव्हा विचारा.

सीताफळाची काजळी पुसून बघा, बोटाला निघेल. ढेकूण गोड चिकटा सोडतो, त्यावर ती काळी बुरशी वाढते. ढेकूण गेला की तीही जाते, तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक लागत नाही. खोडावर मुंग्यांची रांग असणार, त्याच त्या ढेकणाला सांभाळतात. खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा. फार भरलेली फळं काढून टाका, बाकीच्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा व्हर्टिसिलियम (किडीला मारणारी उपयोगी बुरशी) लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी. व्हर्टिसिलियमला हवेत दमटपणा लागतो, तो सध्या आहेच.

पंपाचं बोलायचं तर तुमच्या मणक्याला १६ लिटर अजिबात नको. भरल्यावर पंपासकट वीस किलोच्या वर जातं. शिवाय चार झाडांना एवढं द्रावण लागतच नाही, उरलेलं कुठं ओतणार? पाच लिटरवाला घ्या, पण घेताना तीन गोष्टी हातात धरून बघा. नळी पितळी किंवा स्टीलची आणि जोडून लांब करता येणारी असावी. नोझल पोकळ शंकूचा असावा, त्यानं पानाच्या खालच्या बाजूलाही धुकं बसतं. चपट्या पंख्याचा नोझल तणनाशकासाठी. आणि दाब जास्त झाला तर हवा सोडणारा व्हॉल्व्ह असावा. स्वस्तातल्या पंपांना तो नसतो. पानावरून थेंब गळायला लागला की पुढच्या फांदीला जायचं. आंब्याचा शेंडा गच्चीवरून मारा, मात्र पाण्याच्या टाकीचं झाकण आणि शेजारच्यांचं वाळवण आधी बघून घ्या.

बोअरचं पाणी तांब्याला आणि गंधकाला चालतं. रात्री बादलीत भरून ठेवा, सकाळी वरचं गाळून घ्या. गाळलं नाही तर क्षारानं नोझल तुंबतो, आणि मग माणसं तो तोंडानं फुंकतात. तसं करू नका, जुना टूथब्रश जवळ ठेवा.

सांगोला डाळिंब

ताईंशी सहमत. आमच्या तालुक्यात तेल्यानं आणि मर रोगानं बागाच्या बागा काढाव्या लागल्या, त्यामुळं बोलतोय.

काका, झाड एकच आहे ना, मग औषधापेक्षा बहार बदला, म्हणजे फळ धरायचा हंगाम. पावसाळ्यात झाडावर फळ असलं की तेल्या येणारच, म्हणून मृग बहार धरू नका. हस्त बहार सगळ्यात सुरक्षित, पण तुमच्याकडं काळी जमीन असेल तर सप्टेंबरात झाडाला पाण्याचा ताण बसत नाही. मग आंबे बहार धरा. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत द्या. मोठा पाऊस लागायच्या आत बरीचशी फळं हाती येतात.

आता डागी फळं सगळी काढा, उकललेली ठेवून उपयोग नाही. फांदीवर डाग असेल तिथून दोन इंच खाली कापा आणि प्रत्येक कापाला कात्री स्पिरिटमध्ये बुडवा. ही कात्रीच तेल्या गावभर नेते. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद आणि चुन्याची.

पंपाबद्दल एकच. कुणाच्या शेतातला पंप मागून आणू नका. त्यात आधी २,४-डी हे तणनाशक मारलं असेल तर दोनदा धुतलं तरी अंश राहतो. डाळिंबाची आणि द्राक्षाची पानं अशी आखडतात की व्हायरस आला वाटावं.

आणि शंका असली तर तुमच्या गावातच केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, पुणे हायवेवर. आम्ही सांगोल्याहून जातो, तुम्हाला तर शहरातल्या शहरात.

जुळेसोलापूरकर

ताई, दादा, खूप आभार. सीताफळाची काजळी खरंच बोटाला निघाली, आणि मुंग्याही सापडल्या.

पाच लिटरचा पंप ठरला. कात्री आणि ब्लायटॉक्स आज आणतो. फक्त बोर्डोचं प्रमाण सगळीकडं शंभर लिटरचं दिलेलं असतं. मला पाच लिटरचं कसं करायचं? मोरचूद घरात आहे, नातू येतो अधूनमधून, म्हणून जरा भीतीही वाटते.

काउंटरवरून

एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. पाच लिटरला पन्नास-पन्नास ग्रॅम. डाळिंबाला पानं असताना अर्धा टक्काच करा, म्हणजे पंचवीस-पंचवीस.

भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नकोत. मोरचूद फडक्यात बांधून अडीच लिटर पाण्यात रात्रभर लोंबकळत ठेवा, आपोआप विरघळतं. चुना वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात फोडा, गार झाल्यावर उरलेलं पाणी घालून बारीक फडक्यातून गाळा. हे गाळणं चुकवलंत तर पंप पहिल्या दहा मिनिटांत बंद. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत लाकडी काठीनं ढवळा. रंग आकाशी निळा येतो. त्यात घासलेला खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर आम्ल जास्त आहे, ते पान जाळेल. चुन्याचं पाणी वाढवा आणि परत बघा. खिळा स्वच्छ निघाला की मारायचं, त्याच दिवशी, आणि त्यात दुसरं कुठलंही औषध न मिसळता. पेस्ट करायची तर दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम आणि पाणी एकच लिटर, ब्रशनं लावायची.

पण काका, रोजच्या कामाला एवढा खटाटोप करू नका. डब्यातलं कॉपर ऑक्सिक्लोराइड बास आहे. बोर्डो छाटणीनंतर एकदा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत पेस्ट. लिंबाच्या डिंक्यालाही (खोडातून डिंक गळतो तो रोग) तिचा उपयोग होतो.

नातवाचं म्हणाल तर मोरचूद दिसायला निळ्या खडीसाखरेसारखा आहे. कुलपात ठेवा, आणि त्याच्या मूळ पुड्यातच, चहाच्या डब्यात काढून नको. कुठलंही औषध घेताना पुड्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. घरच्या झाडांना लाल-पिवळ्याची गरज मला तरी अजून दिसलेली नाही. काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं तेही लेबलवर असतं.

बार्शी रोड

ताई, साफचं पटलं. पण फवारताना मास्क-बिस्क लावा म्हणतात लोक, ते एवढ्याशा कामाला कशाला, आम्ही तर बनियनवर मारतो.

काउंटरवरून

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ती पण रोजच मारणारी होती, दादा. ती औषधं जहाल होती हे मान्य, पण सवय तीच. काकांना मी सांगते ते तुम्हालाही: पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, रबरी हातमोजे, तोंडाला मास्क. वाऱ्याकडं पाठ. संध्याकाळचं सांगितलंय ते सोडून बाकीचं सकाळी नऊच्या आत उरकायचं.

काका, काम झालं की पंपात साधं पाणी घालून दोन-तीनदा नोझलमधून सोडा, तांबं आत साठून राहिलं की पंप खराब होतो. ते पाणी झाडाच्या आळ्यातही नको नि गटारीतही नको, परत त्याच झाडाच्या पानांवर मारून संपवा. आणि पंप रिकामा करून, हवा सोडून, उलटा टांगा.