आईच्या इरकली आणि आहेराच्या साड्या: सुई-कात्री न लावता नवे पेहराव कसे करावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी परभणीची, माहेर उदगीर. दिवाळीनंतर भावकीत एकामागून एक लग्नं निघालीत. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा, सगळीकडं तीच माणसं भेटणार. औंदा सोयाबीनचे पैसे फारसे हाती लागले नाहीत, म्हणून घरात ठरवलंय की ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी बस्ता बांधावा, आपण कपाटातलंच नेसायचं. मला हे मनापासून पटलंय. लेकीलाही पटलंय, पण ती कॉलेजात आहे, तिला दरवेळी काहीतरी निराळं दिसायला हवंय, आणि मला तिचं हे म्हणणं चूक वाटत नाही.

अट एकच: शिवणकाम नाही. लगीनसराईत टेलर नवं काम घेत नाहीत हे एक कारण. खरं कारण म्हणजे यातल्या बऱ्याच साड्या आईच्या आहेत, आणि आई आता नाही. त्यांचे ड्रेस, कुर्ते शिवून घे म्हणून खूपजणी सांगतात. माझा हात होत नाही. गाठ सोडली की साडी पुन्हा साडीच राहिली पाहिजे.

आता काय काय आहे ते सांगते. आईच्या इरकली, अंग सुती आणि पदर तांबडा रेशमी. एक नऊवारी लुगडं. आहेरात आलेल्या सिंथेटिक साड्यांचा ढीग, त्यातल्या बऱ्याच फॉल-पिको न केलेल्या, ब्लाउजपीससुद्धा अजून साडीलाच. विरलेल्या ड्रेसच्या चांगल्या ओढण्या. पुढून उघडे दोन-तीन लांब कुर्ते, यजमानांचे पांढरे सदरे, आणि सासूबाईंची औरंगाबादची हिमरू शाल.

जे जमलंय तेही सांगते, कुणाला उपयोगी पडेल. ओढणीचं जॅकेट छान होतं. ओढणीची दोन्ही टोकं एकमेकांवर येतील अशी मधोमध घडी घालायची. मग डावीकडच्या दोन मोकळ्या कोपऱ्यांची एक गाठ, उजवीकडच्या दोघांची दुसरी. घडी आणि गाठ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जी फट राहते त्यातून हात घालायचे. पाठीवर झोळदार पडतं, साध्या कुर्त्याचं रूपच पालटतं. सुती किंवा शिफॉनची ओढणी घ्या, कडक ऑर्गंझाची गाठ फुगून बसते.

ब्लाउजपीस न कापलेली साडी साधारण ६.३ मीटर भरते, म्हणजे नेहमीच्या साडेपाच मीटरपेक्षा जास्त. आमच्याकडच्यांत तो तुकडा आतल्या टोकाला आहे. तो पहिल्या वेढ्यात खोचून टाकला की दिसत नाही आणि कापायचीही गरज नाही. अशी साडी मी लेकीला घागऱ्यासारखी नेसवली. परकराचा नाडा घट्ट बांधून निऱ्या नुसत्या पुढं न घेता कमरेभोवती सगळीकडं खोचल्या, वर यजमानांचा सदरा, त्याच्या पुढच्या टोकांची कमरेवर गाठ. सुरेख दिसली लेकरू. पण फॉल नसल्यामुळं खालचा घेर हलका पडतो, वाऱ्यानं उडतो.

माझ्या अडचणी अशा. एक, जुन्या रेशमाला पिन लावायला जीव घाबरतो, पदर खांद्यावर थांबवायचा कसा? दोन, सहावारीला काष्टा घातला की पदर तोकडा पडतो, आणि नऊवारी लेकीला फार होते. तीन, हिमरू शाल खांद्यावर टाकण्याखेरीज कशी वापरता येईल? पैठणी माझ्याकडं नाही, पण जाऊबाई त्यांची द्यायला तयार आहेत, तिच्याबद्दलही सांगा.

प्रतिसाद

ताई, मी नांदेडला नवरीमुलींना साड्या नेसवून देते, त्यामुळं पिनांशी रोजचाच संबंध. आधी पदराची कड उजेडासमोर धरून बघा. धागे विरळ, तिरके दिसले तर तिथं पिन लावूच नका. कापड दणकट असेल तर बारीक स्टीलची पिन घ्या आणि तिच्यात आधी एक मणी ओवा. पिनेच्या मागच्या वेटोळ्यात कापड अडकून फाटतं, मणी ते अडवतो. आणि इरकलीत एक जागा कायमची टाळा: पदर जिथं अंगाला जोडलेला असतो ती. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. ताण पडला की पहिल्यांदा तिथंच उसवतं.

बिनपिनेचा उपाय म्हणजे चिंचोका. पदराच्या आतून चिंचोका ठेवायचा, बाहेरून कापडासकट मऊ सुती दोरा गुंडाळायचा. बटणासारखा उंचवटा होतो, त्याला दोऱ्याचा फास घालून ब्लाउजच्या पट्टीला अडकवा. रबरबँड वापरू नका, उन्हाळ्यात चिकटून डाग पडतो. घरी आल्या आल्या सोडा, रात्रभर आवळून ठेवलं तर रेशमाला वळी पडते.

सहावारी काष्ट्यासाठी आत लेगिंग घाला, पुढच्या निऱ्या कमी घ्या आणि पदराचा हट्ट सोडा. उरलेलं टोक छातीवरून तिरकं नेऊन कमरेत खोचायचं, वर तुमचा पुढून उघडा कुर्ता बटणं न लावता घालायचा. तोकडेपणा कुर्त्याखाली जातो. वर कमरपट्टा बांधला तर घाटही येतो.

प्रतिसाद

पैठणीबद्दल एक भर. हातमागावरची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, कारण नक्षीचे धागे त्या त्या जागीच गुंफलेले असतात. त्यामुळं पदर पुढून उलटा घेतला, कमरेवर दुमडला, तरी चालतो. यंत्रमागावरच्या पैठणीत मागं मोकळे धागे असतात, तिथं हे जमत नाही. जाऊबाईंची कुठली ते आधी उलटून बघा. हिमरूचंही तेच, मागच्या बाजूला धागे सुटे असतात आणि बांगडीत, अंगठीत अडकतात. म्हणून शाल बिनबाह्यांच्या जॅकेटसारखी घालायची असेल तर दोन्ही टोकं पुढं सरळ सोडून वरून रुंद पट्टा बांधा, आणि आत लांब बाह्यांचं काहीतरी साधं, एकरंगी.

आणि घेर उडतो म्हणालात, त्यावर: बिनफॉलच्या साडीखाली काठाला कॉटनची जाड झालर असलेला परकर घाला. वारा आत शिरत नाही, घेर भरलेला दिसतो.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. चिंचोक्याची युक्ती आजच एका आहेराच्या साडीवर करून बघितली, पदर जागचा हलला नाही. इरकलीवर करण्याआधी लेकीला तसंच घालून घरभर हिंडायला लावलंय. जाऊबाईंची पैठणी उलटून बघितली, मागं धागे सुटे आहेत, तेव्हा ती सरळच नेसायची.

एक राहिलं. हळदीला इरकल काष्टा आणि वर सदरा असं ठरलंय, पण सुती इरकल धुतल्यावर मऊ होते आणि खोचलेल्या निऱ्या स्कूटीवर बसलं की सुटतात. घरी भाताची पेज घालून खळ केली तर चालेल का? अंगाला खळ लावताना रेशमी पदर कोरडा कसा ठेवायचा, हे कुणी केलं असेल तर सांगा. हळद येत्या रविवारी आहे.