नुसती चमक पाहू नका

जुनी रायफल विकत घेताना नळी आतून आरशासारखी चमकते म्हणजे रायफल चांगली, असं बरेच जण सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. मामांनी उमरेडकडच्या शेतावर रानडुकरांसाठी जुनी ३१५ (०.३१५ इंची नळीची, साध्या परवान्यावर मिळणारी रायफल) घेतली होती. नळी लख्ख! नळीखालचं पुढचं लाकूड उतरवलं तर नळीला बाहेरून, खालच्या बाजूला गंजाचे खड्डे, कारण पावसाळ्यातली ओल लाकडानं धरून ठेवलेली.

तेव्हा लाकूड काढूनच बघा, आणि बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) नंबर बॉडीवरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्यावरच्या, नंबराशी जुळतो का तेही. दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसतो, फिरतोही, पण हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि नळीत काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर) चुकली तर काडतूस मागून फाटू शकतं. विकणारा लाकूड काढू देत नसेल तर मी तरी पैसे काढणार नाही.